खिरवंडीची टेप

१९९७च्या नोव्हेंबरात माझ्या मुलीला, अक्षताला, शाळेतून एक गृहपाठ मिळाला. ‘माझे बाबा जन्मले ते वर्ष’ या विषयावर वहीची दोन पानं भरायची होती. ती तेव्हा तिसरीत होती. बाई चित्रं चिकटवायला सांगतात, म्हणून तिनं माझ्यामागे तगादा लावला होता.

माझं माधवनगरच्या रस्त्याला टेप आणि रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. घर मागच्याच गल्लीत. माझे वडील धनाजी इथल्या गिरणीत मागावर कामाला होते. ते वारले, गिरणी बंद पडली, पण आम्ही इथंच राहिलो. घरात आई, बायको, अक्षता आणि मी. स्वभावानं मी स्क्रूड्रायव्हरवाला माणूस. एखादी गोष्ट का चालते हे कळेपर्यंत मला चैन पडत नाही, आणि खोलून पाहिल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही.

माझा जन्म १२ डिसेंबर १९६७चा. आदल्या दिवशी पहाटे कोयनेचा भूकंप झाला होता. आई तेव्हा माहेरी, खिरवंडीला होती. मेढ्याच्या पश्चिमेला, डोंगरातलं पंधरा-वीस घरांचं गाव. घर पडलं, आजी गेली, आणि दुसऱ्या दिवशी खळ्यावर, उघड्यावर मी जन्मलो. एवढं मला लहानपणापासून माहीत होतं. याच्यापुढे आईनं कधी काही सांगितलं नव्हतं.

गृहपाठासाठी मी दोन दुपारी दुकान बंद ठेवून सांगलीला वाचनालयात गेलो. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली होत्या. पिवळी पडलेली पानं कडांना तुटत होती. निवडणुका, रेशनवरची तांबडी ज्वारी, ट्रान्झिस्टरच्या जाहिराती, हरवलेल्या माणसांची वर्णनं. सगळं जग आपल्याशिवाय नीट चाललेलं होतं. कुणाला माझी उणीव जाणवत नव्हती. हा विचार मनात आला तेव्हा मला उगीचच कसंतरी झालं आणि मी पानं भराभर उलटली. डिसेंबरच्या एका अंकात मृतांची यादी होती. त्यात बारीक टाइपात एक ओळ होती: खिरवंडी, तानुबाई, वय ४५. ती माझी आजी.

घरी येऊन मी आईला विचारलं, “आई, त्या वर्षाचं काही तरी सांग की. अक्षताला लिहायचंय.”

“भूकंप झाला. तू झालास. आनि काय सांगू?” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

त्याच आठवड्यात विजयमालाबाई मगदूम दुकानात आल्या. त्यांचे यजमान भूपाल मगदूम सांगलीत मराठीचे प्राध्यापक होते. ऐन उमेदीत खेडोपाडी हिंडून त्यांनी बायकांच्या ओव्या, पाळणे टेपवर घेतले होते. वर्षापूर्वी ते वारले. बाईंनी कापडी पिशवीतून मोठ्या स्पूलच्या सात टेपा काढून काउंटरवर ठेवल्या.

“कॅसेटवर करून द्या. हे वाजवायचं मशीन आता कुणाकडेच राहिलं नाही. तुमच्याकडे आहे म्हणून कळलं.”

माझ्याकडे होतं. एक जुनं, वजनदार, स्पूलचं मशीन. ते मी फक्त वाजवायला ठेवलं होतं. त्याची रेकॉर्डिंगची बाजू जळाली होती आणि तिचे सुटे भाग मी कधीच दुसऱ्या मशीनला वापरून टाकले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे मला स्वतःलाच ते पुन्हापुन्हा सांगावं लागलं.

पहिल्या सहा टेपा निर्वेध झाल्या. सातव्या डबीवर प्राध्यापकांच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: खिरवंडी, ता. जावळी. रविवार, १० डिसेंबर ६७. पाळणा. चंद्राबाई.

चंद्राबाई हे माझ्या आईचं नाव.

दुपारचे अडीच वाजले असतील. रस्ता सुनसान होता. मी टेप लावली.

आधी नुसती खरखर. मग कोंबड्यांचा आवाज, लांब कुठंतरी उखळात मुसळ पडत असल्याचा ठोका. एका पुरुषानं तारीख सांगितली, गावाचं नाव सांगितलं. मग विचारलं, “नाव सांगा, बाई.”

“चंद्राबाई धनाजी कांबळे.”

“वय?”

“काय की वो. इसेक आसंल.”

शेजारी कुणीतरी हसलं. जरा घोगरा, खोकल्यानं भरलेला आवाज म्हणाला, “तिला लय बोलाय लावू नका, सायेब. दिस भरल्यात. आज-उद्या कवाबी.”

ती तानुबाई असणार. आजीचा फोटो नव्हता, आणि आता तिचा आवाज माझ्या दुकानात खोकत होता.

मग आई म्हणू लागली. मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

पाळण्याची दोरी बाई, घायपाताच्या वाखाची
वाट बघते मी लेका, तुज्या पयल्या हाकेची

आवाज कोवळा होता, थोडा लाजरा. शेवटचा शब्द ती किंचित लांबवत होती. तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा मी, आणि समोर माझ्याहून दहा वर्षांनी लहान माझी आई. मला भरून आलं. नकळत माझ्या तोंडून निघालं, “आई.”

गाणं थांबलं.

“व्हय?” ती म्हणाली.

टेप फिरत होती. प्राध्यापक म्हणाले, “काय झालं?”

“कुणी हाक मारली जनू.”

“हितं कोन हाय?” तानुबाई म्हणाली. “म्हण म्होरं.”

ती पुढे म्हणू लागली, पण आवाज बारीक झाला होता.

मी हसलो. योगायोग म्हटलं. टेप थोडी मागे घेतली, तोंड घट्ट मिटलं आणि पुन्हा लावली. ओवी झाली. शेवटचा शब्द लांबला. आणि एक पुरुष म्हणाला, “आई.”

तो माझा आवाज होता. यात चूक होणं शक्य नाही. दुरुस्त केलेल्या प्रत्येक टेपमध्ये मी ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणून बघतो. पंधरा वर्षं मी माझा आवाज यंत्रातून ऐकत आलोय. लोकांना स्वतःचा आवाज परका वाटतो, मला वाटत नाही.

मी मशीन खोललं. जिथं काही नव्हतं तिथं काहीच नव्हतं. हे यंत्र टेपवर एक अक्षरही उठवू शकत नव्हतं. शिवाय तो आवाज माझ्या दुकानातला नव्हता. माझ्या दुकानात पत्र्याचा खणखणाट आहे, रस्त्यावरच्या गाड्या आहेत. त्या आवाजाला शेणानं सारवलेल्या खोलीचा मऊपणा होता, आणि ‘आई’तल्या ‘ई’वर बाहेरचा एक कोंबडा आरवत होता. तोच कोंबडा पुढे आईच्या ‘व्हय’वरही आरवत होता. दोन्ही आवाज एका खोलीतले होते.

दोन दिवस मी त्या टेपेला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी गेलो. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. बायको बाहेर गेली होती, अक्षता शाळेत.

“आई, तू खिरवंडीला असताना सांगलीचा कुणी प्राध्यापक टेप घेऊन आला होता?”

तिची बोटं थांबली. मान वर न करता ती म्हणाली, “गावली व्हय ती?”

“तुला ठाऊक होतं?”

“हाक मारलीस?”

मी तिच्याजवळ खाली बसलो.

“मिलिंदा, मारलीस का न्हाई हाक?”

“मारली,” मी म्हणालो.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि डोळे मिटले. बरीच वाट बघून एखादी गाडी यावी, तसा तिचा चेहरा झाला.

“मला कुणाचा आवाज ते तवा ठावं नव्हतं,” ती म्हणाली. “बाप्याचा आवाज. म्हणलं, भूत हाय का काय. पर आई म्हणालं ते. भूत आई म्हणंल का? मग तू मोठा झालास, तुजा आवाज फुटला. तू नववीत व्हतास. एक दिस भायरनं येऊन आई म्हणून हाक मारलीस आनि माज्या हातातला तवा खाली पडला. तुला आठवतंय का?”

मला आठवत नव्हतं.

“चल,” ती उठली. “दुकानात चल. तू दुसऱ्यांदा बोलला व्हतास. ते अजून ऱ्हायलंय.”

गुडघ्यांमुळे ती कुठं जात नाही. त्या दिवशी ती माझ्यापुढे चालत होती. वाटेत तिनं सांगितलं. गाणं संपल्यावर तोच आवाज पुन्हा आला होता. आज रात्री घरात निजू नको, खळ्यावर जाऊन निज, असं म्हणाला होता. तिनं ऐकलं. पहाटे घराची मागची भिंत आत कोसळली, नेमकी तिच्या रोजच्या निजायच्या जागेवर.

“आणि मी नाही म्हटलं तर?”

ती थांबली. माझ्याकडे बघितलं. “तू हितं हाईस न्हवं?”

दुकानाचं शटर मी अर्धं खाली ओढलं. आई स्टुलावर बसली. मी टेप सुरुवातीपासून लावली. आपल्या आईचा खोकला ऐकताच तिनं पदर तोंडाशी नेला. स्वतःचं गाणं ती मान खाली घालून ऐकत होती. माझी हाक आली, तिचं ‘व्हय’ आलं. स्टुलावर बसलेल्या माझ्या आईचे ओठ त्याबरोबर हलले.

ओव्या संपल्या. प्राध्यापक म्हणाले, “छान. जरा पाणी मिळेल का?” भांड्याचा आवाज. कुणीतरी उठून गेलं.

आईनं बोट वर केलं. “आता.”

मला लाज वाटली. तीस वर्षांचा माणूस, बंद दुकानात यंत्राशी बोलणार.

“आता म्हण, मिलिंदा!”

“आई,” मी म्हणालो, “आज रात्री घरात निजू नको. खळ्यावर जाऊन निज.”

आणि मग मला वर्तमानपत्रातली ती बारीक टाइपातली ओळ आठवली. आईनं सांगितलं नव्हतं ते मी बोललो. घाईघाईनं, टेप पुढे जायच्या आत.

“आजीला पण ने. तिला एकटीला ठेवू नको.”

टेप फिरत राहिली.

“आये,” कोवळा आवाज म्हणाला, “ऐकलंस का?”

“काय गं?” लांबून तानुबाई.

“काय न्हाई.”

माझ्या आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आवाज न करता.

“ते बी म्हणला व्हतास,” ती म्हणाली.

“काय?”

“आजीला ने म्हणून. मी तुला मुद्दाम सांगितलं न्हाई. म्हटलं बघावं, म्हणतोस का.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “सांगितलं मी तिला. पाया पडले. खोकला हाय, दवात कुठं निजू, म्हनली. हसली मला.”

मी मशीनकडे बघत राहिलो. ते चार शब्द मी माझ्या मनानं बोललो होतो. मला कुणी सांगितले नव्हते. आणि तीस वर्षांपूर्वी ते बोलून झालेले होते.

टेप अजून संपली नव्हती. डाव्या चाकावर बोटभर जाडीची टेप शिल्लक होती. नुसती खरखर येत होती. त्या खरखरीच्या तळाशी कुणीतरी श्वास घेत असल्यासारखं मला वाटलं.

आई उठली. दुखऱ्या गुडघ्यांनिशी ती झटक्यात उठली आणि तिनं भिंतीतली पिन ओढून काढली.

चाकं थांबली.

“म्होरलं ऐकू नकोस.”

“पुढे काय आहे?”

“काय न्हाई.”

“आई, मी पुढेही बोललोय?”

“रडत व्हतास,” ती म्हणाली. “नुस्ता रडत व्हतास. ज्या बाईची टेप हाय तिला देऊन टाक. आजच्या आज.”

मी दिली. सहा कॅसेटी दिल्या आणि सातवी टेप खराब आहे, होणार नाही, असं विजयमालाबाईंना सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही.

दीडेक महिन्यानं त्या पुन्हा आल्या. पिशवी नव्हती.

“अहो, ती सातवी कोल्हापुरात वाजवून घेतली. चांगली आहे की,” त्या म्हणाल्या. “फक्त शेवटी एक पुरुष रडतोय. बराच वेळ. आमच्या यांनी असलं काही घेतल्याचं मला तरी माहीत नाही. नाव घेतोय कुणाचं तरी.”

मी एक रेडिओ उघडून बसलो होतो. मी मान वर केली नाही.

“तुम्हाला ऐकायचीय का? आणून देते.”

“नको,” मी म्हणालो.

त्या जायला वळल्या. मग जरा चाचरत म्हणाल्या, “राग मानू नका. पण आवाज अगदी तुमच्यासारखा आहे.”

नाव कुणाचं, ते मी त्यांना विचारलं नाही. त्यानंतर मी त्यांच्या गल्लीतूनही जात नाही. माझं साधं गणित आहे: त्या टेपेसमोर मी पुन्हा कधी बसलोच नाही, तर तिथं मी रडणार कसा? हे गणित मी स्वतःला रोज समजावतो. पण आजीच्या वेळचे ते चार शब्द मला आठवतात, आणि मग ते जुळत नाही. आईनं ते रडणं विसाव्या वर्षी ऐकलेलं आहे.

तिला मी पुष्कळदा विचारलं. ती विषय बदलते. एकदाच, आजारी असताना, तापात असल्यासारखी म्हणाली, “पोर खांद्याला लागली व्हती म्हणत व्हतास. आत्ता कुठं खांद्याला लागली व्हती.” दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाली, मी असं काही बोललेच न्हाई.

आता १९९९ संपत आलंय. अक्षता पाचवीत आहे.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, त्या आठवड्यात आईनं मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं. “नीट उभा ऱ्हा,” म्हणाली. मला वाटलं, शर्टाचं माप घेतेय. तिनं माझ्या खांद्यावर तळहात आडवा ठेवला, तो तसाच सरकवत चौकटीवर नेला आणि पेन्सिलीनं तिथं एक रेघ मारली.

दर पौर्णिमेला विहारातून आली की ती अक्षताला त्या रेघेखाली उभी करते. डोक्यावर पट्टी ठेवते, टाचा वर उचलल्या नाहीत ना ते बघते. अक्षताला मजा वाटते. माझ्या बायकोला वाटतं, आजीची माया. कालच्या पौर्णिमेला रेघेला टेकायला तिला चार बोटं कमी होती.

गेल्या महिन्यापासून अक्षताला जेवायला आईच वाढते. दुसऱ्या कुणाला वाढू देत नाही. परवा अक्षता म्हणाली, “आजी, मला अजून भूक आहे.” आईनं तिच्या ताटातली उरलेली अर्धी भाकरी उचलून परत टोपलीत ठेवली आणि वर फडकं झाकलं.

मी शेजारीच जेवत होतो. मी मान खाली घातली आणि जेवत राहिलो.